इजिप्तची नवसाची शिळा कशी वाचावी: देवापासून नावापर्यंत

हातभर किंवा त्याहून लहान, वरच्या कडेला गोलाई दिलेला चुनखडीचा पट्ट. त्यावर देव, त्याच्यासमोर हात उंचावलेला माणूस, दोघांच्या मध्ये नैवेद्याचा चौरंग आणि उरलेल्या जागेत चित्रलिपीचे उभे रकाने. प्राचीन इजिप्तमधल्या नवसाच्या शिळेचे हे नेहमीचे रूप. ट्यूरिन, लंडन, बर्लिन, पॅरिस आणि कैरोच्या संग्रहालयांत अशा शिळा शेकड्यांनी आहेत. बहुतेक लोक त्यांच्यासमोर न थांबता पुढे जातात, कारण सगळ्या एकसारख्या दिसतात. पण प्रत्येकीवर एका ठरावीक माणसाचे नाव, त्याचा हुद्दा, बापाचे नाव कोरलेले असते. कधी आजारी मुलाची हकिगत असते, तर कधी देवाची खोटी शपथ घेतल्याची कबुली. देव कोण हे थोड्या सरावाने कळते. त्या माणसापर्यंत पोहोचायला मात्र क्रमाने वाचावे लागते.

इथली बरीच उदाहरणे देर अल-मदिना या गावातली आहेत. नाईलच्या पश्चिम काठावर, आजच्या लक्सरसमोर, राजांच्या कबरी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. साधारण इ.स.पू. १५०० ते १०७० या काळात ती नांदती होती. तटबंदीच्या आत अडुसष्टेक घरे, आणि आजूबाजूला छोटी छोटी देवळे. इथल्या रहिवाशांना लिहिता, आखता आणि कोरता येत असे, त्यामुळे नवस बोलणारा आणि शिळा घडवणारा कित्येकदा एकच माणूस असायचा, नाहीतर शेजारी. १९२२ ते १९५१ या काळात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी हे गाव शिस्तीने खणले. त्याआधी, एकोणिसाव्या शतकातच, शेकडो शिळा युरोपात पोहोचल्या होत्या. त्यांतल्या कितीतरींची नेमकी सापडण्याची जागा कायमची हरवली आहे. पुढे वाचताना हे नुकसान जागोजागी जाणवेल.

पहिली पायरी: शिळा नवसाची की मृताची, हे ठरवा

सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. दोन्ही प्रकारांना वर गोलाई असते, दोन्हींत नैवेद्य असतो. म्हणून आधी पाहा: नैवेद्याच्या चौरंगामागे कोण बसले आहे?

चौरंगामागे माणूसच (बहुधा नवरा-बायको) खुर्चीवर बसला असेल, मुले त्याला भाकरी आणि पाणी देत असतील, आणि मजकुरात "हजार भाकरी, हजार घागरी बिअर, हजार बैल, हजार पाखरे" असे मागणे असेल, तर ती मृताची शिळा. देव बसला किंवा उभा असेल, माणूस त्याच्यापुढे हात वर करून उभा असेल किंवा गुडघे टेकून असेल, आणि मागणे "आयुष्य, भरभराट, आरोग्य" असे असेल, तर ती नवसाची असण्याची शक्यता मोठी.

शक्यताच म्हणायचे, कारण इ.स.पू. १५५० नंतर मृतांच्या शिळांवरही माणूस मृतांचा देव ओसिरिस याच्यापुढे हात जोडताना दिसू लागतो. तेव्हा मागणे काय आहे आणि शिळा कुठे सापडली, या दोन गोष्टींवर निकाल लागतो. देवळाच्या अंगणात, वाटेवरच्या छोट्या देवळीत किंवा खडकात कोरलेल्या कोनाड्यात सापडली तर नवसाची. कबरीच्या चौकात सापडली तर मृताची. नोंद नसेल तर मागणे वाचा, आणि तेही फुटलेले असेल तर "अनिश्चित" लिहून पुढे जा. संग्रहालयाच्या पाटीवर "स्मृतिशिळा" असे मोघम लिहिलेले असते, त्यावर विसंबू नका.

तिसरा एक प्रकार या दोहोंच्या मध्ये येतो. कमळ हुंगत बसलेला एकच माणूस आणि त्याच्या नावाआधी "आख इकेर एन रा" ही पदवी, म्हणजे "रा देवाजवळचा समर्थ आत्मा". या शिळा घरात ठेवून वाडवडिलांना मानण्यासाठी होत्या. देर अल-मदिनात त्या बऱ्याच मिळाल्या आहेत. त्यांना देवाच्या नवसात गणू नये.

दुसरी पायरी: दगड हाताने नाही, डोळ्यांनी तपासा

थीब्ज (आजच्या लक्सरचा परिसर) भागातल्या कारागिरांच्या शिळा बहुतेक स्थानिक पांढऱ्या चुनखडीच्या आहेत. दगड मऊ, छिन्नीला सोपा, पण ठिसूळ. पिवळसर-तपकिरी, कणीदार पृष्ठभाग दिसला तर तो वालुकाश्म. देवळांसाठीचा हा दगड पुष्कळसा गेबेल अल-सिलसिलाच्या खाणींतून येई. ग्रॅनाईट दिसला की राजा किंवा बडा अधिकारी समजावा. गिझाच्या स्फिंक्सच्या पंज्यांमध्ये उभी असलेली चौथा थुतमोस या राजाची प्रसिद्ध स्वप्नशिळा ग्रॅनाईटची आहे. सामान्य माणसाच्या शिळा वीस-चाळीस सेंटिमीटरच्या आत-बाहेर, आणि कानांच्या कित्येक शिळा तळहातावर मावतील एवढ्याच.

मागची बाजू पाहता आली तर जरूर पाहा. ओबडधोबड पाठ म्हणजे शिळा भिंतीत किंवा कोनाड्यात बसवलेली होती. दोन्ही बाजूंना कोरीव काम असेल तर ती मोकळी उभी होती आणि लोक तिच्याभोवती फिरू शकत होते. ब्रिटिश म्युझियममधली, देर अल-मदिनातल्या नेफेराबू या कामगाराची शिळा, क्रमांक ई.ए. ५८९, अशी दुहेरी आहे. पुढे प्ताह देव आणि त्याची स्तुती, मागे नेफेराबूची कबुली. नुसता पुढचा फोटो पाहणाऱ्याला ती साधी स्तुतीची शिळा वाटते.

तिसरी पायरी: वरून खाली उतरा

महाराष्ट्रात वीरगळ वाचणाऱ्यांना कप्पे खालून वर वाचायची सवय असते: तळाला लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. इजिप्तच्या शिळेत क्रम उलटा आहे. वर देव, खाली माणसे.

गोलाईच्या टोकाशी बहुधा पंख असलेली सूर्यचकती असते, किंवा दोन डोळे. त्याखालच्या पहिल्या पट्टीत देव आणि कधी त्याच्यापुढे मुख्य भक्त. दुसऱ्या पट्टीत भक्ताचे कुटुंब, रांगेत गुडघे टेकून. लहान शिळेत एकच पट्टी असते. दोन पट्ट्या असतील तर दुसरीतल्या पहिल्या माणसाकडे नीट पाहा. शिळा करवून घेणारा पुष्कळदा तोच असतो, आणि वर देवाजवळ उभा असलेला राजा मध्यस्थ म्हणून दाखवलेला असतो. वरच्या राजाला शिळेचा मालक समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

चौथी पायरी: देव ओळखा

चेहऱ्यावरून देव ओळखू जाऊ नका. डोक्यावर काय आहे आणि हातात काय आहे, ते पाहा. दोन उंच पिसे असतील तर आमुन, किंवा त्याचा मेंढा. अंगाला घट्ट गुंडाळलेला, डोक्यावर साधी टोपी, देवळीत उभा किंवा बसलेला तो प्ताह. गाईची शिंगे आणि मध्ये चकती म्हणजे हाथोर, पण पुढे ईसिसही हाच मुकुट घालते, म्हणून नाव वाचल्याशिवाय निश्चित करू नये. पाणघोड्याचे, लोंबत्या पोटाचे अंग म्हणजे तावेरेत. थोथचे रूप इबिस पक्षी किंवा बबून. ध्वजदंडावर उभा कोल्ह्यासारखा प्राणी म्हणजे असियुत या शहराचा देव वेपवावेत. १९२२ मध्ये असियुतच्या सलाखाना कबरीत याच देवाच्या सुमारे सहाशे शिळांचा साठा एकत्र सापडला.

देर अल-मदिनात तीन ओळखी खास उपयोगी पडतात. नाग, किंवा स्त्रीचे डोके असलेला नाग, म्हणजे मेरेतसेगर. गावाच्या वर दिसणाऱ्या पिरॅमिडसारख्या शिखराची ती देवी, आणि शिळांवर तिला सरळ "शिखर" असेच म्हटलेले असते. काळ्या अंगाची राणी म्हणजे अहमोस-नेफरतारी. तिच्याबरोबर तिचा मुलगा पहिला अमेनहोतेप असतो. हे मायलेक गावाचे रक्षक मानले जात. तिसरी ओळख म्हणजे समोर तोंड करून, सिंहावर उघडी उभी असलेली देवी. इजिप्तच्या चित्रात बहुतेक सगळे बाजूने दाखवलेले असतात, त्यामुळे समोरून पाहणारी ही आकृती चटकन उठून दिसते. ती कदेश, सिरिया-पॅलेस्टाईनकडून आलेली. ब्रिटिश म्युझियमच्या ई.ए. १९१ या शिळेवर ती मिन आणि रेशेप यांच्या मध्ये उभी आहे आणि खालच्या पट्टीत आनाथ देवी आहे. एकाच दगडावर इजिप्तचा एक देव, मिन, आणि बाहेरून आलेले तिघे. कारागिराला त्यात काहीच विसंगत वाटले नाही.

पाचवी पायरी: अक्षरांची दिशा पकडा

चित्रलिपी शिकली नसली तरी ही पायरी कोणालाही जमते, आणि सगळ्यांत जास्त फळ तीच देते.

नियम असा: माणसे, पक्षी, प्राणी यांच्या चिन्हांची तोंडे ओळीच्या सुरुवातीकडे असतात. पक्षी उजवीकडे पाहत असतील तर उजवीकडून डावीकडे वाचायचे, डावीकडे पाहत असतील तर डावीकडून. उभे रकाने वरून खाली, पण रकान्यांचा आपापसातला क्रमही याच नियमाने ठरतो.

आता दुसरा नियम. ज्या आकृतीबद्दल मजकूर आहे, तिच्याच दिशेने त्याची चिन्हे तोंड करतात. नवसाच्या शिळेत देव बहुधा डावीकडे असतो आणि उजवीकडे पाहतो. भक्त उजवीकडे असतो आणि डावीकडे पाहतो. म्हणून देवाच्या नावाची चिन्हे उजवीकडे पाहतात, भक्ताच्या मजकुराची डावीकडे. या दोन गटांच्या मध्ये कुठेतरी पक्ष्यांची तोंडे उलटतात. तिथेच देवाचे नाव संपते आणि माणसाचा मजकूर सुरू होतो. कागदावर शिळेचा चौकोन काढा, प्रत्येक रकान्यावर बाण काढा, आणि बाण उलटतो तिथे रेघ मारा. एकही शब्द न वाचता अर्धी शिळा उलगडते.

चुकते कुठे? सममितीसाठी काही शिळांवर दोन देव पाठीला पाठ लावून असतात, तेव्हा दिशा तीनदा बदलते. आणि छापील फोटो कधी उलटा लागलेला असतो. तपासायला सोपे आहे: फोटोतल्या सगळ्याच देवता डावीकडे पाहत असतील आणि पाटीवरचे वर्णन उलटे असेल, तर फोटोवर संशय घ्या.

सहावी पायरी: ठरावीक वाक्ये शोधा

नवसाच्या शिळांचा मजकूर पुष्कळसा साच्यातला असतो, आणि ते आपल्या सोयीचे आहे. आठ-दहा चिन्हगट ओळखू आले की सांगाडा हाती येतो.

सुरुवात बहुधा दोन्ही हात वर केलेल्या माणसाच्या चिन्हाने, म्हणजे "स्तुती असो". त्याच्या जोडीला "जमिनीचे चुंबन", म्हणजे साष्टांग नमस्काराचे शब्द. दोन्हींनंतर देवाचे नाव येते. दुसरा साचा "राजाने दिलेले दान" या शब्दांनी सुरू होतो. त्याचे पहिले चिन्ह लव्हाळ्याच्या झाडासारखे दिसते. हा साचा मृतांच्या शिळांवरही असतो, म्हणून त्यावरून शिळेचा प्रकार ठरवू नका.

टोपलीसारखे अर्धगोल चिन्ह म्हणजे "स्वामी". झेंड्यासारखे चिन्ह म्हणजे "देव". बदकाचे चिन्ह म्हणजे "मुलगा", आणि त्याच्याखाली पावासारखे छोटे अर्धवर्तुळ आले तर "मुलगी". डोळ्याचे चिन्ह "करणे" या अर्थाचे. शेवटाकडे डोळा आणि त्यापुढे माणसाचे नाव आले तर "अमक्याने केली".

देर अल-मदिनातल्या माणसाच्या नावाआधी पुष्कळदा गाईच्या कानाचे चिन्ह येते. ती त्याची पदवी: "सत्याच्या स्थानातला, हाक ऐकणारा", म्हणजे राजाच्या कबरीवर काम करणारा कामगार. हा शब्दगट दिसला आणि शिळेची सापडण्याची जागा नोंदलेली नसली, तरी ती बहुधा याच गावाची असे धरता येते.

नात्यांच्या शब्दांत जपून. अठराव्या राजघराण्यापासून (सुमारे इ.स.पू. १५५० नंतर) "बहीण" हा शब्द बायकोसाठी सर्रास वापरला जाई. "त्याची बहीण, घरधनीण" असे वाचले तर ती बायको आहे, सख्खी बहीण नव्हे. "भाऊ" मेहुणा किंवा चुलतभाऊही असू शकतो. आणखी एक सापळा नावामागे येणाऱ्या "सत्यवाणी" या विशेषणाचा. ते साधारणपणे मृतासाठी असते, त्यामुळे पुष्कळजण लगेच "हा माणूस तेव्हा मेलेला होता" असे लिहून टाकतात. नवसाच्या शिळांवर जिवंत माणसानेही ते स्वतःला लावून घेतलेले दिसते. एवढ्या एकाच शब्दावरून माणसाला मारू नये.

सातवी पायरी: कान मोजा

शिळेवर कानांच्या जोड्या कोरलेल्या असतील तर पहिला तर्क असा होतो की कानाच्या दुखण्यासाठी बोललेला हा नवस असावा. पण हे कान देवाचे आहेत. त्यांच्यासोबतचा मजकूर "प्रार्थना ऐकणारा" असे विशेषण देवाला लावतो. कान कोरून ठेवले की देवाने ऐकण्याची सोय झाली. मेम्फिस या जुन्या राजधानीत, प्ताहच्या देवळाच्या परिसरात, पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १९०८ च्या सुमारास अशा पट्ट्या मोठ्या संख्येने मिळाल्या. काहींवर एकच जोडी, काहींवर ओळीने कित्येक. थीब्जमधल्या कर्नाकला तर आमुनच्या मोठ्या देवळाच्या पूर्वेच्या बाजूला "ऐकणाऱ्या" आमुनचे स्वतंत्र ठिकाण होते. सामान्य माणसाला मुख्य गाभाऱ्यात जाता येत नसे, पण तिथे येऊन देवाशी बोलता येई.

कानांची नोंद करताना संख्या, जोड्यांची मांडणी आणि रंग उरला असेल तर तोही लिहा. कानांखेरीज काहीच नसेल, नावही नसेल, तरी ती शिळा अपुरी समजू नका. लिहून घेण्याची ऐपत नसलेल्याचाही देव ऐकायचा.

एक शिळा, वरपासून खालपर्यंत

बर्लिनची शिळा क्रमांक २०३७७. चुनखडी, उंची सुमारे ६७ सेंटिमीटर, एकोणिसाव्या राजघराण्याचा काळ (साधारण इ.स.पू. तेरावे शतक). सामान्य शिळांपेक्षा मोठी.

वर आमुन-रा सिंहासनावर, देवळाच्या उंच दरवाजासमोर बसलेला. त्याच्यापुढे गुडघे टेकून हात उंचावलेला नेबरे. देवाच्या मजकुरात त्याला प्रार्थना ऐकणारा, गांजलेल्या गरिबाच्या हाकेला धावणारा म्हटले आहे. तळाशी उजवीकडे चार माणसे गुडघ्यांवर, आणि बाकी जागा रकान्यांनी भरलेली.

रकाने काय सांगतात? नेबरे हा सत्याच्या स्थानातला आखणीकार, म्हणजे भिंतीवर चित्राच्या रेषा आखणारा. बापही आखणीकार, नाव पाय. नेबरेचा मुलगा नख्तामुन आजारी पडला, मरणाच्या दारात होता. कारण लिहिले आहे: एका गाईच्या प्रकरणावरून आमुनचा कोप झाला. गाईचे नेमके काय झाले, ते शिळा सांगत नाही. नेबरेने देवाला शब्द दिला की मुलगा वाचला तर तुझ्या नावाने शिळा करीन आणि ही स्तुती तिच्यावर लिहीन. मुलगा वाचला. मग नेबरे लिहितो की मी बोललो, तू ऐकलेस, आता मी बोललो ते करतो आहे. शेवटी ही शिळा नेबरे आणि त्याचा मुलगा, लेखनिक खाय, यांनी केल्याचे नमूद आहे.

मजकुराच्या मध्यात एक विचार आहे, तो वगळून ही शिळा समजत नाही. माणूस चुकायला तयार असतो, तसा देव क्षमा करायला तयार असतो. थीब्जचा स्वामी दिवसभर रागात राहत नाही, त्याचा राग क्षणात ओसरतो. इथे मोठा पुरोहित बोलत नाही. रेषा आखून पोट भरणारा बाप बोलतो आहे, आणि आपल्या मुलाचा दोष तो चारचौघांत उघड्या दगडावर मांडतो आहे.

याला जोडून नेफेराबूच्या दोन शिळा वाचाव्यात. ट्यूरिनला असलेली (सीजीटी ५००५८) मेरेतसेगरला वाहिलेली. मी अडाणी होतो, बरेवाईट मला कळत नव्हते, शिखराचा अपराध केला आणि तिने मला धडा दिला, असे तो सांगतो. बाळंत होणाऱ्या बाईसारखा विटांवर बसलो, वाऱ्याला हाक मारली पण तो आला नाही. पुढे देवी वळली आणि झुळूक होऊन आली. लंडनची शिळा (वर आलेली ई.ए. ५८९) प्ताहची. खोटी शपथ घेतली म्हणून देवाने "दिवसा अंधार" दाखवला. हे खरोखरचे आंधळेपण की देवापासून तुटल्याचे दुःख, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वाचणाऱ्याने दोन्ही अर्थ नोंदवावेत. लगेच रोगाचे नाव लिहिण्याची घाई करू नये.

शिळा कशी घडली, ते ओळखण्याच्या खुणा

आधी दगडाचा तुकडा तांब्याच्या किंवा काशाच्या छिन्नीने आणि लाकडी हातोड्याने सपाट करत. मग खरखरीत दगड व वाळू घासून तोंड गुळगुळीत करत. लाल रंगात भिजवलेली दोरी ताणून आपटली की सरळ रेघ उमटते. उभ्या-आडव्या रेघांची जाळी अशीच आखली जाई. उभ्या माणसासाठी तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकोन: गुडघा सहाव्या रेघेपाशी, खांदे सोळाव्या रेघेपाशी. बसलेल्या आकृतीला १४ चौकोन. सव्विसाव्या राजघराण्याच्या (इ.स.पू. सातवे-सहावे शतक) सुमारास हे माप बदलले आणि वरच्या पापणीपर्यंत २१ चौकोन धरले जाऊ लागले. लहान शिळांत जाळी नसतेच, नुसत्या हाताने आखलेले असते. अर्धवट राहिलेल्या शिळेवर लाल कच्च्या रेषा आणि त्यांवर काळ्या दुरुस्त्या दिसतात. त्या दोन हातांच्या आहेत का, ते जवळून पाहा.

कोरण्याचे दोन प्रकार. एकात भोवतालचा दगड काढून आकृती वर उठवतात. दुसऱ्यात आकृतीची कड आत कापतात आणि भोवतालचा दगड तसाच ठेवतात. दुसऱ्या प्रकारात कष्ट कमी लागतात, आणि तीव्र उन्हात कड काळी दिसून चित्र स्पष्ट उमटते. एकाच शिळेत वर देव उठावाचा आणि खाली माणसे आत कापलेली असली, तर कारागिराने वेळ कुठे दिला ते कळते.

मग रंग. तांबडा आणि पिवळा गेरू, काजळीचा काळा, चुनखडीचा किंवा जिप्समचा पांढरा, आणि निळा. निळा खनिजातून मिळणारा नव्हता, तो भट्टीत बनवलेला होता: वाळू, चुना, तांबे आणि क्षार सुमारे नऊशे अंशांवर एकत्र भाजून. हा निळा पुसला गेला तरी कण उरतात, आणि विशेष प्रकाशात त्यांची चमक अवरक्त कॅमेऱ्याला दिसते. संग्रहालये हरवलेला रंग शोधायला हीच युक्ती वापरतात. म्हणून आज पांढरी दिसणारी शिळा तेव्हाही पांढरीच होती, असे कधी गृहीत धरू नये.

आठवी पायरी: मोडतोड वाचा

फुटलेल्या जागाही माहिती देतात. फक्त आमुनचे नाव छिन्नीने खरवडलेले आणि बाकी मजकूर शाबूत असेल, तर ते आमुनची पूजा बंद करणाऱ्या आखेनातेन राजाच्या कारकिर्दीतले काम (सुमारे इ.स.पू. १३५३ ते १३३६). म्हणजे शिळा त्याआधीची. नाव नंतर पुन्हा कोरलेले असेल तर ती जागा थोडी खोलगट दिसते. चेहरेच तेवढे फोडलेले असतील तर बहुधा फार पुढच्या काळातली, देवळे वापरातून गेल्यानंतरची तोड.

पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटत असेल तर कारण क्षार. चुनखडीत साठलेले मीठ दमट हवेत विरघळते आणि कोरड्या हवेत स्फटिक होऊन दगडाची कातडी ढकलून बाहेर काढते. त्यासोबत अक्षरे जातात. म्हणूनच काचेआडची हवा स्थिर ठेवतात, आणि म्हणूनच जुन्या फोटोंत आज नसलेली अक्षरे सापडतात. एखादी शिळा नीट वाचायची असेल तर तिचा मिळेल तो सर्वांत जुना फोटो आधी शोधा.

नावाची जागा कोरी ठेवलेल्या शिळाही मिळतात. शिळा तयार घेतली आणि नाव कोरायचे राहिले, हा सरळ अर्थ.

सक्काराच्या सेरापियममध्ये, म्हणजे आपिस या पवित्र बैलांच्या भूमिगत दफनस्थानात, जिथे १८५१ मध्ये फ्रेंच पुरातत्त्वज्ञ ओग्यूस्त मारिएत शिरले, त्या बैलांच्या दफनाच्या वेळी भक्तांनी ठेवलेल्या शेकडो शिळा होत्या. त्यांवरचे आकडे जपून वाचा, कारण इतिहासाचे कालगणित त्यांवर उभे आहे. तिथल्या एका शिळेत तहार्काच्या २६ व्या वर्षी जन्मलेला आणि पहिल्या प्साम्तिकच्या २० व्या वर्षी मेलेला बैल आहे, वय २१ वर्षे. त्या एका बैलाच्या आयुष्याने दोन राजांच्या कारकिर्दी एकमेकींना जोडल्या जातात. तारखेतली एक उभी रेघ चुकीची मोजली की वर्ष चुकते.

फोटो, रेखाटन आणि नोंद

फोटो दोन काढा. एक अगदी समोरून, कॅमेरा शिळेच्या मध्याच्या उंचीवर. दुसरा बाजूने, दालनातला दिवा ज्या बाजूला आहे तिच्याविरुद्ध उभे राहून, म्हणजे खोदकामाच्या कडांवर सावली पडते. फ्लॅश लावू नका. बहुतेक ठिकाणी मनाई असतेच, शिवाय समोरून आलेल्या प्रकाशात खोदकाम सपाट दिसते आणि अक्षरे नाहीशी होतात.

रेखाटन करायचे असेल तर अभ्यासकांची रीत पाळा: प्रकाश वरून डावीकडून येतो असे धरायचे. उठावाच्या आकृतीला उजवी आणि खालची रेघ जाड, आत कापलेल्या आकृतीला डावी आणि वरची रेघ जाड. तुमचे चित्र पाहणाऱ्याला कोरण्याचा प्रकार न सांगता कळतो. फुटलेली जागा बारीक तिरप्या रेघांनी भरा. तिथे काय असावे याचा अंदाज चित्रात घालू नका, बाजूला लिहा.

संग्रहालयाचा क्रमांक अक्षरांसकट उतरवा. ब्रिटिश म्युझियमचा "ई.ए.", कैरोचा "जे.ई.", ट्यूरिनचा "सीजीटी" किंवा "कॅट." हे वेगवेगळ्या याद्यांचे क्रमांक आहेत, आणि ट्यूरिनच्या एकाच शिळेला दोन्ही असू शकतात. नुसता आकडा लिहिला तर पुढे शिळा सापडत नाही. ट्यूरिन आणि लंडन या दोन्ही संग्रहालयांनी आपापल्या वस्तू फोटोंसह ऑनलाईन मांडल्या आहेत. तिथे क्रमांक टाकून घरबसल्या सराव करता येतो, आणि पहिला सराव चांगल्या जतन झालेल्या शिळेवरच करावा.

इंटरनेटवर विक्रीला असलेल्या "इजिप्शियन शिळां"पासून दूर राहा. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने तिथला पुरावस्तूंचा व्यापार बंद झाला. त्याआधी देशाबाहेर गेल्याची कागदपत्रे नसलेली वस्तू चोरीची तरी असते, नाहीतर बनावट. बनावट पुष्कळदा अक्षरांच्या दिशेवरून पकडली जाते, कारण नक्कल करणाऱ्याने पक्षी एकीकडे आणि माणसे दुसरीकडे वळवलेली असतात.

वहीतली नोंद या क्रमाने लिहा: क्रमांक, दगड, उंची-रुंदी, सापडण्याची जागा (किंवा "माहीत नाही"), देव आणि तो कशावरून ओळखला, भक्ताचे नाव, पदवी, बाप, बरोबरची माणसे आणि त्यांचे नाते, मागणे किंवा कबुली, कोरण्याचा प्रकार, उरलेला रंग, मोडतोड. नेबरेच्या शिळेसाठी ही नोंद दहा-बारा ओळींत बसते, आणि तीत नेबरे, पाय, नख्तामुन, खाय ही चार नावे सुटी दिसली पाहिजेत, "कुटुंबीय" अशी एकत्र नव्हे.